बायजाबाईची मेंढरं आणि मी गाळलेले नववे कलम

दिवाळीच्या सुटीत कोण कुठे जाऊन आले, याची चौकशी आमच्या शाळेत शिक्षिकांच्या खोलीत पहिल्याच दिवशी होते. यंदा एक बाई नाशिकला गेल्या होत्या, दुसऱ्या महाबळेश्वरला. माझी पाळी आली तेव्हा मी "कराडला, भावाकडे" एवढेच म्हटले. पण चेहऱ्यावर काहीतरी दिसले असावे, आणि खोदून विचारल्यावर मेंढ्यांचा उल्लेख तोंडून निसटला. त्या दिवसापासून मधल्या सुटीत डबा उघडला की सगळ्या माझ्याभोवती जमतात आणि मेंढ्यांचे काय झाले ते सांगा म्हणतात. ही हकीकत डबा खाताना सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहून देते. कोणाला जेवताना वाचायची असेल तर तिने आपल्या जबाबदारीवर वाचावी.

कराड

माझा भाऊ नाना माझ्याहून चार वर्षांनी धाकटा आणि गुरांचा डॉक्टर. भावजय बाळंतपणासाठी माहेरी गेली होती, तेव्हा सुटीत नानाचे घर लावून द्यावे अशा बेताने मी पुण्याहून निघाले. सोबत सतरा कामांची यादी होती. गाद्यांना ऊन दाखवणे, डबे घासणे, नानाच्या सदऱ्यांची बटणे, असे तिचे स्वरूप होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अकरा कामे झाली. उरलेली सहा आजही व्हायची आहेत, कारण त्याच दुपारी नानाच्या कंपाउंडरला हिवताप भरला.

आता थोडी माहिती, नाहीतर पुढचे कळणार नाही. पावसाळा संपला की माण-खटावच्या कोरड्या मुलखातले धनगर आपले कळप घेऊन खाली कृष्णाकाठी उतरतात. इथले शेतकरी त्यांना बोलावून आपल्या रानात दोन-चार रात्री मेंढ्या बसवून घेतात. मेंढ्यांची लेंडी आणि मूत म्हणजे रानाला फुकटचे खत. त्याबद्दल शेतकरी धनगरांना ज्वारी देतो. आपल्याकडे पाहुणा राहिला की यजमानाचा खर्च होतो. इथे पाहुणा जितका जास्त खाईल आणि पचवील, तितका यजमान खूश.

मात्र पावसाळ्यातल्या ओल्या गवताबरोबर मेंढ्यांच्या पोटात जंत जातात. ते आतून रक्त पितात, मेंढी फिकी पडते, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबू लागते आणि एक दिवस ती उठत नाही. युद्धाच्या काळात न मिळणारी एक नवी हिरवट पूड आता नानाकडे आली होती, आणि कळप पुढे सरकण्याआधी ती त्याला पाजायची होती.

"अक्का, तू येतेस का?" नाना म्हणाला. "मी पाजीन, तू लिही."

मी त्याचे वाक्य पुरे होण्याआधीच यादी करायला घेतली होती. छत्री, वही, दोन पेन्सिली, चाकू, फिनाइल, जाड साबण, लिंबाचे लोणचे, शिवाय नानाची काचेची बरणी. या बरणीत स्पिरिटमध्ये मेंढीच्या पोटातले खरे जंत होते. दोऱ्याएवढे बारीक, पेराएवढे लांब, आणि एक लाल, एक पांढरा असे दोन पदर पिळल्यासारखे दिसणारे. राखीचा दोरा म्हणून खपले असते. लोकांना पटवायला बरणी फार उपयोगी पडते, असे नानाचे म्हणणे होते. ती आणि लोणच्याची बरणी यांवर मी वेगवेगळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या.

रात्रीच्या आत मी औषधाच्या एकशेवीस पुड्या बांधल्या. कागद मिळेना, म्हणून पुण्याहून आणलेल्या, तपासून झालेल्या मागच्या सहामाहीच्या उत्तरपत्रिका कामी आल्या. गुण आधीच वहीत उतरवले होते, हे मुलींच्या पालकांच्या माहितीसाठी सांगते.

शेवटचे काम म्हणजे औषधाच्या डब्यातला इंग्रजी कागद. त्यातल्या सूचना मराठीत लिहून काढायच्या आणि प्रत्येक कळपापुढे मोठ्याने वाचायच्या, असे नानाने सांगितले होते. कलमे दहा होती. मेंढीचे डोके फार वर करू नये, ठसका लागल्यास थांबावे, उपाशीपोटी द्यावे, वगैरे. नववे कलम मेंढ्यांच्या लघवीविषयी होते. पंचवीस वर्षे मी मुलींच्या शाळेत शिकवते आहे. चार परक्या पुरुषांसमोर उभे राहून मी ते वाचणार नव्हते. ते कलम मी गाळले, दहाव्याला नववा क्रमांक दिला आणि यादी पुन्हा सरळ दिसू लागली तेव्हा समाधानाने झोपले.

पाटलांचे रान

कराडहून इस्लामपूरच्या वाटेवर कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटर मिळाली. चढ आला की उतारूंनी उतरून चालायचे आणि उतार आला की पळत जाऊन चढायचे, एवढे सांगितले म्हणजे पुरे. नानाची सायकल टपावर होती, ती बिचारी एकदाही उतरली नाही.

गावाचे नाव लिहीत नाही, कारण पाटलांना ते आवडणार नाही. पाटील मोठे अघळपघळ गृहस्थ. त्यांच्या रानाचा एक तुकडा चोपण झाला होता, म्हणजे जमिनीवर मिठासारखा पांढरा थर फुटला होता आणि त्यात काही उगवत नव्हते. मेंढ्यांच्या खताने तो सुधारेल म्हणून त्यांनी मुद्दाम तिथेच दोन रात्रींसाठी कळप बसवला होता. रस्त्याने येतानाच त्यांनी आम्हाला तो तुकडा दाखवला. माझ्या मनात पहिला विचार आला तो धुतलेल्या चादरीचा.

कळपाची मालकीण बायजाबाई. साठीची, उंच, सडसडीत, हातात काठी. नवरा वारल्यापासून कळप तिच्याच हुकमात. बरोबर भावकीतली दोन-चार माणसे आणि तिचा मुलगा म्हाकू, पंचविशीचा, तोंड कायम उतरलेले. त्याचे कारण पाटलांनी मला वाटेतच सांगितले होते. गेल्या साली जंतांनी कळप निम्मा झाला. यंदाही तसेच झाले तर उरलेली मेंढरे विकून म्हाकू मुंबईला गिरणीत जाणार होता. त्याच्या एका दोस्ताने तिथे जागा धरून ठेवली होती. बायजाबाईला हे माहीत होते, पण ती त्याविषयी बोलत नव्हती.

मी वही उघडली आणि विचारले, मेंढ्या किती आहेत?

"हाईत की," बायजाबाई म्हणाली.

"हो, पण किती?"

"देवानं दिल्यात तेवड्या."

नानाने मला बाजूला घेऊन सांगितले, हे लोक मेंढ्या मोजत नाहीत, मोजल्या की दृष्ट लागते. आकडा कळल्याशिवाय मला झोप येत नाही, म्हणून मी छत्रीआडून गुपचूप मोजायला लागले. सदतिसाव्या मेंढीपर्यंत पोचले असेन.

"बाई," बायजाबाई शांतपणे म्हणाली, "व्हट हलत्यात तुमचं."

मी ओठ मिटले. अखेर तोड मीच काढली. मेंढ्या मोजायच्या नाहीत, रिकाम्या झालेल्या पुड्यांचे कागद मोजायचे. त्याला तिची हरकत नव्हती. कागद किती बी मोजा म्हणाली, कागदाला कुनाची दिष्ट लागतीया.

मग नानाने बरणी काढली. लोक पुढे सरकले. बायजाबाईने ती उजेडात धरली, फिरवली, आणि गेल्या साली आपण फाडलेल्या मेंढीच्या पोटात हेच बघितले होते असे सांगितले. पाटील मात्र लांबून एकदा बघून घरी काहीतरी सांगायचे राहिले म्हणत निघून गेले.

मी नऊ कलमे खड्या आवाजात वाचली. बायजाबाईने लक्ष देऊन ऐकली. तिचा नव्या औषधावर विश्वास नव्हता, आणि त्याला कारण होते. आधी ती पळसाच्या बिया वाटून देत असे. गेल्या साली कोणाच्या तरी सांगण्यावरून मोरचूद पाजला, तर जंतांतून वाचली होती त्यातली काही मोरचुदाने गेली. त्यामुळे तिने आपला क्रम ठरवून टाकला होता. आधी दांडग्या मेंढ्यांना औषध. एक रात्र जाऊ द्यायची. दांडग्या जगल्या तर उद्या कमजोरांना.

नाना म्हणाला, कमजोरांनाच तर आधी गरज आहे. ती म्हणाली, गरज त्यांना हाय म्हनूनच त्यांच्यावर बघायचं न्हाई. नानाने बाटली धुवायला घेतली, आणि मला तर तिचे म्हणणे माझ्या स्वतःच्या एखाद्या यादीसारखेच पद्धतशीर वाटले.

काम सुरू झाले. म्हाकू मेंढी दोन पायांत धरी, मी पुडी पाण्यात कालवून बाटली हलवून देई, नाना ओठाच्या कोपऱ्यातून ओती, आणि बायजाबाई मेंढीच्या कपाळाला चिमूटभर भंडारा लावी. देवाची हळद लागली म्हणजे औषध झाले अशी खूण. एका मेंढीने माझ्या पदराचा कोपरा खाल्ला. एका बोकडाने पुडीचा कागद खाल्ला. त्यावर कोणत्या मुलीचे भूगोलाचे उत्तर होते ते बघायचे राहून गेले, पण तिने सह्याद्री गुजरातेत दाखवला होता एवढे आठवते.

बासष्ट कागद झाले तेव्हा पुढच्या गावाहून माणूस धावत आला. म्हैस अडली होती. नाना सायकलवर बसला. उरलेल्या पुड्या, बाटली आणि सगळा कारभार माझ्या हाती देऊन, सकाळी तू पाज, तुला आता जमते, मी परवा येतो, असे ओरडत तो दिसेनासा झाला.

संध्याकाळी पाटलांच्या घरी माझी मोठी सरबराई झाली. कृष्णाकाठच्या वांग्यांचे भरीत, ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा. पुण्यात आम्ही वांगी खातो ती या वांग्यांची लांबची नातेवाईक असावीत. साखर रेशनवर, म्हणून पाटलीणबाईंनी गूळ घालून पाहुणीसाठी मुद्दाम खीर केली होती. ती शेवयांची होती. पाटलांनी एकदा वाटीकडे बघितले, एकदा माझ्याकडे, आणि आपल्याला आज गोड वर्ज्य आहे म्हणाले. मी मन घट्ट करून खाल्ली. चव उत्तम होती. मी चवीकडे लक्ष दिले, वाटीकडे नाही.

दुसरा दिवस

सकाळी मी चूळ भरत असताना म्हाकू अंगणात आला. घाबरला म्हणजे माणूस कसा ओरडत नाही, ते मी तेव्हा बघितले.

"बाई, चला," एवढेच तो म्हणाला.

पांढऱ्या चोपणावर जिकडे तिकडे लाल डाग पडले होते. लहान, मोठे, ओघळलेले, शिंतडलेले. धुतलेल्या चादरीवर कोणी कुंकवाचा करंडा उधळावा तसे. कळपात चार-दोन पांढऱ्या मेंढ्या होत्या, त्यांचे मागचे पाय गुलाबी झाले होते. मेंढ्या स्वतः अगदी मजेत रवंथ करत होत्या. पण त्यांच्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते.

मला नववे कलम शब्दन्‌शब्द आठवले.

पाटील हातात तांब्या घेऊन उभे होते. आपल्या रानात रक्त सांडले, आता यात ज्वारी लाल येणार, कळप आत्ताच्या आत्ता हलवा, असे त्यांचे चालले होते. म्हाकू म्हणत होता, आये, इकून टाकू, जिती हाईत तवर इकून टाकू. सगळ्यांनी माझ्याकडे बघितले. आणि मी, पंचवीस वर्षे मुलींना खरे बोला म्हणून सांगणारी, म्हणाले की बहुतेक भंडारा दवाने ओघळला असावा.

"भंडारा पिवळा असतुय," बायजाबाई म्हणाली.

तिने आरडाओरडा केला नाही. उरलेल्या कमजोर मेंढ्या वेगळ्या होत्या, त्यांच्याकडे ती बराच वेळ बघत राहिली. त्यांत सगळ्यात पुढे काशी नावाची मेंढी होती. जबड्याखाली लिंबाएवढी पिशवी लोंबलेली, डोळे पांढरेफटक. तिचा आधार धरून बायजाबाई उभी होती की बायजाबाईचा आधार धरून ती, हे सांगता आले नसते. औषध दिले तर हे असे रक्त. नाही दिले तर काशी दहा दिवसही काढणार नाही. आणि पुड्या माझ्याजवळ होत्या, आजच्या पुरत्या.

देवाला विचारायचे ठरले. बिरोबाचा चांदीचा टाक त्यांच्याबरोबर घोड्यावर टोपलीतून हिंडतो. तो पाटावर मांडला. ओल्या झेंडूच्या दोन पाकळ्या टाकाच्या डाव्या-उजव्या अंगाला चिकटवल्या. उजवी आधी गळाली तर औषध द्यायचे, डावी गळाली तर नाही. सगळे हात जोडून बसले. मीही बसले. इतक्या मनापासून मी मॅट्रिकच्या निकालाआधी सुद्धा प्रार्थना केली नव्हती.

पाकळ्या हलेनात. वारा नव्हता. पाटलांना खोकला आला, तो त्यांनी गिळला.

तेवढ्यात मागून एक शेळी आली, तिने मान लांब केली आणि आधी उजवी, मग डावी अशा दोन्ही पाकळ्या खाऊन टाकल्या.

यावर जी चर्चा झाली ती एखाद्या परिषदेत शोभली असती. पाटलांचे मत, देव रागावला. म्हाकूचे मत, उजवी आधी गेली खरी, पण ती गळाली नाही, खाल्ली गेली, तेव्हा कौल धरता येत नाही. कळपाबरोबरचा एक म्हातारा म्हणाला की शेळी कोनाची हाय त्यावर हाय. शेळी पाटलांची निघाली.

"ऱ्हाऊ द्या," बायजाबाई म्हणाली. ती माझ्यासमोर येऊन बसली. "बाई, देवानं शेळीवर ढकललं. शेळी बोलत न्हाई. तुमी बोला. हे काय हाय?"

मी पिशवीतून इंग्रजी कागद काढला. उभी राहिले. "नववे कलम," मी म्हणाले. "हे औषध दिल्यावर एक-दोन दिवस मेंढ्यांची लघवी, म्हणजे," इथे माझा आवाज गेला, "म्हणजे मूत, वारा लागला की लाल होते. ते रक्त नव्हे. तो औषधाचा रंग. भिण्याचे कारण नाही."

म्हाकूने बोटांवर काहीतरी मोजले.

"काल नऊ वाचलासा की," म्हाकू म्हणाला.

दहा होती, मी एक गाळले, असे मी सांगितले.

"कशापायी?"

"लाज वाटली."

मग बायजाबाईचे खांदे हलायला लागले. मला वाटले रडते आहे. ती तोंडाला पदर लावून हसत होती. तिचे बघून म्हाकू हसला, आणि तो हसतो हे कळपातल्या माणसांना बऱ्याच दिवसांनी कळले असावे, कारण सगळे त्याच्याकडेच बघायला लागले.

"आवं बाई," डोळे पुसत ती म्हणाली, "मेंढरं मुतली, आन् लाजला तुमी?"

पाटलांचे समाधान झाले नव्हते. हे कशावरून खरे, बाई मघाशी तर भंडारा म्हणत होत्या, असे त्यांनी विचारले, आणि प्रश्न अगदी रास्त होता.

"त्यांच्या तोंडाकडं बगा की, पाटील," बायजाबाई म्हणाली. "मेंढरापरास त्याच लाल झाल्यात. खोटं बोलताना पांढऱ्या व्हत्या."

पाटलांनी बघितले, आणि मान्य केले. तरी ज्वारी लाल येणार नाही ना, हे त्यांनी माझ्याकडून तीनदा वदवून घेतले. आली तर लुगड्याला रंगवायला उपेग व्हईल, असे म्हणून बायजाबाई उठली आणि तिने पहिली कमजोर मेंढी स्वतः धरून माझ्यासमोर आणली.

त्या सकाळी मी सत्तावन्न मेंढ्यांना औषध पाजले. माझ्या लुगड्यावर त्या पुडीचे शेवाळी डाग पडले, दोन्ही गुडघे फुटले, एकदा मेंढी सुटली आणि मी तिच्यामागे अशी धावले की पाटलीणबाईंनी नंतर माझी दृष्ट काढली. अठ्ठावन्नावी आणि शेवटची पुडी काशीची. ती इतकी अशक्त होती की धरावे लागले नाही. मी हळूहळू ओतले. निम्मे आत गेले असेल, आणि तिला ठसका लागला. नाकातून, तोंडातून बरेचसे औषध बाहेर उडाले, त्यातले बरेच माझ्या तोंडावर. किती आत राहिले, कोणाला सांगता येईना. आणखी पुडी नव्हती. नानाकडेही नव्हती. पुढचा डबा यायला महिना तरी जाणार होता.

बायजाबाईने काशीच्या कपाळाला भंडारा लावला, पण नेहमीसारखा चिमटीने नाही. सगळा तळवा लावला.

तिसरा दिवस

कळप दुपारी हलायचा होता. सकाळी मी गेले तेव्हा लाल डागांची आता कोणाला भीती उरली नव्हती. उलट म्हाकू हिंडून हिंडून दाखवत होता, ही लाल, ही बी लाल, ही तर लयच. ज्या कमजोर मेंढीखाली लाल दिसे तिचा कान ओढून तो म्हणे, लागू पडलं गं तुला. काशी मात्र एका बाजूला उभी होती आणि तिच्या पायांखालची जमीन कोरडी पांढरी होती.

औषध आत गेले असेल तर लाल होणार, नाही तर नाही. बरणी नाही, सूक्ष्मदर्शक नाही, इतकी साधी परीक्षा मी कधी घेतली नव्हती. आम्ही काशीला सगळ्यांपासून वेगळी करून स्वच्छ पांढऱ्या जागेवर उभी केली आणि भोवती बसलो. बायजाबाई, म्हाकू, मी, तो म्हातारा, आणि थोड्या वेळाने पाटील. पाटलीणबाईंनी चहा पाठवला. चहा संपला. काशीने आम्हा सगळ्यांकडे एकेकदा बघितले आणि रवंथ सुरू केले.

पाटलांना एक उपाय माहीत होता. बैल थांबवून शीळ घातली की बैल मुततो. त्यांनी मिशा वर करून लांब, हळुवार शीळ घातली. काशी ढिम्म. म्हाकूने घातली. म्हाताऱ्याचे दात नव्हते, त्याने नुसती हवा सोडली. मग सगळ्यांनी मिळून घातली. ऐकून दोन बैल आणि पाटलांची शेळी मोकळी झाली, काशी नाही.

अशा वेळी नाना सायकलवरून आला. एवढी माणसे एका मेंढीभोवती शीळ घालत बसलेली बघून त्याने काही बरेवाईट झाले का म्हणून विचारले.

"काही नाही," मी मोठ्याने म्हणाले, "ती मुतायची वाट बघतोय."

नानाच्या हातून सायकल पडली. चाळीस वर्षांत त्याने माझ्या तोंडून असा शब्द ऐकला नव्हता. मग तोही बसला.

सायकल पडल्याच्या आवाजाने असो की तिच्या आपल्या मनाने, काशीने मागचे पाय फाकले. पाटलांची शीळ मध्येच थांबली. धार पांढऱ्या जमिनीवर पडली, पसरली, आणि तिचा रंग नेहमीसारखाच पिवळसर होता.

म्हाकूने मान खाली घातली. बायजाबाई उठली नाही, हातातली काठी तिने जमिनीवर आडवी ठेवली आणि तिच्यावर दोन्ही हात टेकून बसून राहिली. तिच्या तोंडाकडे बघवेना.

"थांबा," मी म्हणाले. "कलमात 'वारा लागला की' असे आहे."

मग आम्ही सगळे त्या डागावर वाकलो. पाटलांचा पटका म्हाकूच्या पटक्याला लागत होता. मी श्वास सुद्धा बेताने घेत होते. आधी काही दिसले नाही. नंतर कडेला, वाळत आलेल्या रेघेवर, काहीतरी वेगळे वाटले. मला वाटले डोळे दमले. ती कड गुलाबी झाली. गुलाबी आत सरकली. बघता बघता सबंध डाग पिकलेल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल झाला.

"झाली," नाना म्हणाला.

पाटलांनी पटका काढून हवेत उडवला आणि तो नेमका त्याच डागावर पडला, पण त्यांनी हसतच उचलला. मी टाळ्या वाजवत होते, हे मला नानाने नंतर सांगितले. बायजाबाईने काशीला मिठी मारली नाही की काही नाही. ती उठली, काशीच्या जबड्याखालची पिशवी हाताने चाचपून बघितली, कमरेची भंडाऱ्याची पिशवी सोडली आणि आधी काशीला, मग मला टिळा लावला. चिमटीने. म्हणजे रोजच्यासारखा.

म्हाकू अजून उकिडवाच होता. लाल डागाकडे बघत तो हसून म्हणाला, "आये, मुंबैला जाऊन ह्ये कुनाला सांगितलं तर कुनाला खरं वाटनार न्हाई."

"मग जाऊ नगंस," बायजाबाई म्हणाली, आणि काठी उचलून तिने मेंढरांना हाळी दिली.